आधाराची ड्युटी

मार्च १९८३ मध्ये मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात नऊ वर्षांच्या एका मुलीला तिच्या भावाची अस्थिमज्जा देण्यात आली. तिला अक्यूट मायलॉइड ल्युकेमिया हा रक्ताचा कर्करोग होता. डॉ. सुरेश अडवाणी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेलं हे भारतातलं पहिलं बोन मॅरो ट्रान्सप्लांट. वैद्यकाच्या इतिहासात त्याची नोंद डॉक्टरांच्या नावावर आहे, आणि ते रास्तच आहे. पण एकाच घरातली दोन मुलं एकाच वेळी रुग्णालयात, एक रुग्ण म्हणून आणि दुसरं दाता म्हणून, हा प्रसंग त्या घराने कसा निभावला असेल, हे अशा नोंदींत सापडत नाही. मुलीला कोणी समजावलं, भावाशी कोण बोललं, आईला कोणी जेवायला लावलं, ही कामं कुणीतरी केलीच असणार. ती कुणाची होती, हे मात्र कुठे लिहिलेलं नसतं. हे प्रकरण त्या कामांबद्दल आहे.

एक पिशवी आणि शंभर दिवस

ट्रान्सप्लांट म्हटलं की डोळ्यांसमोर ऑपरेशन थिएटर येतं. इथे रुग्णाच्या वाट्याला ते येत नाही. हाडांच्या पोकळीतल्या मज्जेत स्टेम सेल, म्हणजे मूळपेशी असतात आणि रक्तातल्या सगळ्या पेशी त्यांच्यापासून तयार होतात. कर्करोग नेहमीच्या केमोला दाद देत नसेल किंवा बरा होऊन पुन्हा उलटला असेल, तर एक टोकाचा मार्ग उरतो. औषधांचा इतका मोठा डोस द्यायचा की रोगाबरोबर मज्जाही नष्ट होईल, आणि मग बाहेरून मूळपेशी देऊन रक्तनिर्मिती नव्याने सुरू करायची. न्यूरोब्लास्टोमासारख्या गाठीच्या कर्करोगात मुलाच्याच पेशी आधी काढून, गोठवून ठेवतात आणि नंतर परत देतात. ल्युकेमियात बहुधा दुसऱ्याच्या पेशी लागतात. कारण दात्याच्या पेशी उरल्यासुरल्या कर्करोगपेशींवरही तुटून पडतात. अमेरिकेत ई. डॉनल थॉमस यांनी १९५७ मध्ये माणसांवरचे आपले पहिले प्रयत्न प्रसिद्ध केले आणि १९९० मध्ये त्यांना नोबेल मिळालं. अडवाणी याच थॉमस यांच्या सिअ‍ॅटलच्या केंद्रात शिकून आले होते.

मुलाच्या बाजूने हा प्रवास असा दिसतो. आधी छातीतून मोठ्या शिरेत एक मऊ नळी बसवतात. वॉर्डात तिला सगळे नुसतं ‘लाइन’ म्हणतात. मग बुसल्फान, मेल्फालान अशा औषधांचे दिवस सुरू होतात. हे दिवस उलटे मोजतात: मायनस सात, मायनस सहा. डे झीरोला नर्स रक्तासारखी दिसणारी एक पिशवी आणते, लाइनला जोडते, आणि तासा-दोन तासांत ती संपते. पेशी मुलाच्याच, गोठवून ठेवलेल्या असतील, तर त्या टिकवणाऱ्या रसायनाचा लसणासारखा वास खोलीभर पसरतो. पाहायला आलेल्या आजोबांनी “एवढंच?” असं विचारावं, इतका हा प्रसंग साधा असतो.

कठीण काळ त्यानंतरचा. पांढऱ्या पेशी शून्याजवळ जातात. तोंडापासून आतड्यापर्यंतचं अस्तर सोलवटून निघतं आणि थुंकी गिळणंही नको होतं. ताप येतो, रक्त आणि प्लेटलेट चढवावे लागतात. रोज सकाळी आईबापांचा पहिला प्रश्न एकच: “काउंट आले का?” न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी सलग तीन दिवस ५०० च्या वर राहिल्या की नव्या पेशी रुजल्या असं मानतात. त्याला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. पेशी दुसऱ्याच्या असतील तर पुढे आणखी एक धोका असतो. दात्याच्या पेशी मुलाच्या शरीरालाच परकं मानतात आणि त्वचा, आतडी, यकृत यांवर हल्ला करतात. याला जीव्हीएचडी म्हणतात. म्हणून पहिले शंभर दिवस रुग्णालयापासून लांब जाता येत नाही.

हसवून किती भागतं?

मुलांच्या कर्करोग वॉर्डात आधार म्हटलं की बहुतेकांना विदूषक, फुगे आणि वाढदिवसाचा केक आठवतो. यात वाईट काहीच नाही. पण संशोधन जरा वेगळी गोष्ट सांगतं.

अमेरिकेतल्या मेंफिस शहरात सेंट ज्यूड हे मुलांचं संशोधन रुग्णालय आहे. तिथले मानसशास्त्रज्ञ शॉन फिप्स यांनी ट्रान्सप्लांट झालेल्या मुलांचा त्रास आठवड्यागणिक मोजला. भरती होतानाच मुलं बरीच त्रासलेली असतात. पेशी दिल्यानंतर सुमारे आठवड्याभराने हा त्रास शिगेला पोहोचतो आणि पुढच्या काही आठवड्यांत ओसरतो. म्हणजे त्रासाचा आलेख उपचाराच्या आलेखाला चिकटून चालतो. कुठल्या दिवसांत जास्त माणसं मुलाजवळ हवीत, हे आधीच सांगता येतं.

पुढे फिप्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिका व कॅनडातल्या चार रुग्णालयांत एक चाचणी केली. काही मुलांना मालिश आणि विनोदाचा कार्यक्रम दिला. काहींच्या बाबतीत पालकांनाही मालिश आणि मन शांत करण्याचे धडे दिले. उरलेल्यांना नेहमीचीच सेवा मिळाली. तिन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. हा निष्कर्ष निराश करणारा वाटतो, पण तो नीट वाचला पाहिजे. या रुग्णालयांतली ‘नेहमीची सेवा’ म्हणजे पालक सतत जवळ, वेदना रोज मोजल्या जातात, आणि मुलाशी बोलण्यासाठी प्रशिक्षित माणूस असतो. ही बैठक पक्की असेल, तर वरच्या सजावटीने फारसं बिघडत नाही आणि फारसं सुधारतही नाही. जिथे ही बैठकच नाही, तिथे मात्र आधी फुग्यांचा खर्च करून चालणार नाही.

बैठकीतली पहिली गोष्ट म्हणजे वेदनेवरचा इलाज. तोंड सोललेल्या मुलाला गोष्ट सांगून झोप येत नाही, त्याला मॉर्फिन लागतं. मॉर्फिनचं नाव काढलं की आपल्याकडे पालक दचकतात: सवय लागेल, पोरगं गुंगीत जाईल. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, वेदनेच्या प्रमाणात आणि ठरावीक काळ दिलेल्या मॉर्फिनने मुलं व्यसनी होत नाहीत, हे त्यांना आधीच, शांत दिवशी सांगावं लागतं. साधारण सहा-सात वर्षांच्या पुढच्या मुलाला पंपाचं बटण स्वतः दाबून ठरलेला डोस घेता येतो. एरवी ज्याच्या शरीराचे सगळे निर्णय दुसरेच घेतात, त्याच्या हातात एवढी एक गोष्ट तरी येते. वेदना मोजण्यासाठी डोना वाँग आणि कोनी बेकर यांनी १९८० च्या दशकात केलेली सहा चेहऱ्यांची पट्टी वापरतात. हसऱ्या चेहऱ्यापासून रडव्या चेहऱ्यापर्यंत मूल बोट ठेवतं. फक्त, मूल ‘किती दुखतंय’ हे दाखवतंय की ‘मला किती वाईट वाटतंय’ हे, एवढं विचारून घ्यायचं.

काही उपाय तर अगदी घरगुती वाटावेत असे आहेत. मेल्फालान देताना मुलाला बर्फाचे तुकडे चघळायला देतात. तोंडातल्या रक्तवाहिन्या आकसतात, औषध तिथे कमी पोहोचतं आणि फोड कमी येतात. पण बर्फ वेळेवर हवा, मुलाने तो तोंडात धरायला हवा, आणि कंटाळल्यावरही त्याला चघळत ठेवणारं कुणीतरी हवं. ‘आइस चिप्स’ असं फाइलमध्ये लिहिलं म्हणून ते आपोआप होत नाही.

मुलाला किती सांगायचं?

“त्याला काही सांगू नका हं, डॉक्टर. लहान आहे, घाबरेल.” हे वाक्य आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक घरातून येतं. त्यामागे मायाच असते. पण ते मूल खरोखर अंधारात असतं का?

अमेरिकन मानवशास्त्रज्ञ मायरा ब्लूबॉन्ड-लँग्नर यांनी १९७० च्या दशकात ल्युकेमियाच्या वॉर्डात दीर्घकाळ राहून मुलांचं निरीक्षण केलं. त्यांचं पुस्तक १९७८ मध्ये आलं. त्या काळी या मुलांना आजाराचं गांभीर्य सांगत नसत, आणि तरीही मुलांना सगळं कळलेलं असे. मोठ्यांचं दाराबाहेरचं कुजबुजणं, दुसऱ्या खाटेवरचं मूल अचानक नाहीसं होणं, आईचे सुजलेले डोळे, यावरून त्यांनी ते जुळवलेलं असे. त्याहून चटका लावणारी गोष्ट पुढची आहे. आईबापांना त्रास होऊ नये म्हणून मुलं आपल्याला काही माहीत नसल्याचं दाखवत. दोन्ही बाजू एकमेकांना सांभाळत, आणि मूल एकटं पडे.

काय सांगायचं हे वयावर ठरतं. चार-पाच वर्षांच्या मुलाला वाटतं की आपण आईचं ऐकलं नाही म्हणून सुया टोचतात. त्याला रोज सांगावं लागतं की यात तुझी काही चूक नाही. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला क्रम कळतो: आधी काय, मग काय, किती दिवस. गावाकडून आलेल्या घरांना समजावताना समुपदेशक शेताचं उदाहरण देतात: तण माजलंय, सगळं रान साफ करायचं, मग पेरणी, मग उगवण दिसेपर्यंत धीर. हे उदाहरण मुलाला आणि आजीला एकाच वेळी कळतं. पण ते जीव्हीएचडीपर्यंत पोहोचत नाही. पेरलेलं बी रानावर उलटत नाही, दात्याच्या पेशी मात्र मुलाच्या शरीरावर उलटू शकतात. तेवढं वेगळं, उघड सांगावं लागतं.

किशोरवयीन मुलांचे प्रश्न निराळे असतात: केस कधी येणार, दहावीचं काय, मित्र विसरतील का. एक प्रश्न ती विचारत नाहीत आणि मोठेही टाळतात: पुढे मूल होईल का? या औषधांनी प्रजननक्षमता जाऊ शकते. वयात आलेल्या मुलाचं वीर्य आणि मुलीच्या अंडाशयाची ऊती गोठवून ठेवता येते. पण ही सोय औषधं सुरू होण्याआधी करावी लागते. लाजेपोटी हा विषय आठवडाभर लांबला, तर पुढे तो काढण्यात अर्थ उरत नाही.

हे बोलणं जमणाऱ्या माणसांचा एक पेशा जगात तयार झाला आहे. पन्नाशीच्या दशकापर्यंत युरोप-अमेरिकेतल्या अनेक रुग्णालयांत आईबापांना मुलाला फक्त ठरावीक वेळीच भेटता येई. १९५२ मध्ये जेम्स रॉबर्टसन यांनी रुग्णालयात एकट्या राहिलेल्या दोन वर्षांच्या मुलीवर एक माहितीपट केला आणि तो पाहून वैद्यकीय जग अस्वस्थ झालं. १९५९ मध्ये ब्रिटनच्या प्लॅट समितीने पालकांना मुलाजवळ मुक्तपणे येऊ द्यावं, अशी शिफारस केली. दरम्यान, १९५५ मध्ये अमेरिकेत क्लीव्हलँडला एमा प्लँक यांनी रुग्णालयातल्या मुलांसाठी खेळ, शिक्षण आणि समजावण्याचा कार्यक्रम सुरू केला. त्यातून पुढे चाइल्ड लाइफ स्पेशालिस्ट हा व्यवसाय घडला. हे लोक कापडाच्या बाहुलीच्या छातीला खरी लाइन लावतात. मूल सिरिंजने बाहुलीच्या लाइनमध्ये पाणी सोडतं, पट्टी बदलतं, तिला दटावतंही. दुसऱ्या दिवशी स्वतःची लाइन बसवायला जाताना काय होणार हे त्याला माहीत असतं. वेळ अर्ध्या तासाचा, साहित्य शंभर-दोनशे रुपयांचं. खर्च असतो तो ते करणाऱ्या माणसाच्या पगाराचा.

मोठ्या मुलांना बाहुली चालत नाही. इंडियाना विद्यापीठातल्या शेरी रॉब आणि जोन हासे यांनी ११ ते २४ वर्षांच्या ट्रान्सप्लांट रुग्णांबरोबर एक प्रयोग केला. एका गटाने संगीतोपचारतज्ज्ञाच्या मदतीने स्वतःचं गाणं लिहायचं आणि त्याचा व्हिडिओ करायचा. दुसऱ्या गटाने ध्वनिमुद्रित पुस्तकं ऐकायची. शंभर दिवसांनंतर गाणं केलेल्या मुलांचा मित्रपरिवाराशी जुळवून घेण्याचा आणि घरातल्या वातावरणाचा गुणांक चांगला आला. ही करमणूक होती असं म्हणता येणार नाही. जे आईसमोर बोलता येत नाही, ते गाण्यातून तिच्यापर्यंत पोहोचत होतं.

दाता भाऊ, आणि घरी राहिलेली बहीण

सख्ख्या भावंडाशी पूर्ण मॅचिंग होण्याची शक्यता २५ टक्के असते. दोन भावंडं असतील तर त्यातलं निदान एक जुळण्याची शक्यता ४४ टक्क्यांवर जाते, तीन असतील तर ५८ टक्क्यांवर. कुटुंबं लहान झाली तशी घरातल्या घरात दाता मिळणं अवघड झालं. मग आईवडिलांपैकी एकाची अर्धी जुळणारी मज्जा वापरतात किंवा नोंदणीतल्या अनोळखी दात्याकडे वळतात. अशा नोंदणीची सुरुवात ब्रिटनमध्ये शर्ली नोलन या आईने १९७४ मध्ये केली. तिच्या मुलाला, अँथनीला, दाता मिळाला नाही आणि १९७९ मध्ये तो गेला. नोंदणी मात्र आजही चालू आहे. भारतात २००९ मध्ये सुरू झालेल्या ‘दात्री’सारख्या संस्था हे काम करतात.

दाता जेव्हा घरातलंच मूल असतं, तेव्हा एक नाजूक पेच पडतो. भूल देऊन कमरेच्या मागच्या हाडातून सुईने मज्जा काढतात. काही दिवस कंबर दुखते आणि काढलेली मज्जा पुन्हा भरून येते. धोका कमी, पण शून्य नाही, आणि दात्याला स्वतःला वैद्यकीय फायदा काहीच नाही. संमती कोण देणार? तेच आईवडील, ज्यांचं दुसरं मूल मरणाच्या दारात आहे. म्हणून अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१० मध्ये काही अटी घातल्या: तितकाच योग्य प्रौढ नातलग उपलब्ध नसावा, दोघा मुलांत जिव्हाळ्याचं नातं असावं, रुग्णाला फायदा होण्याची वाजवी शक्यता असावी, दात्याचे धोके कमीत कमी ठेवावेत, पालकांची परवानगी आणि शक्य तिथे मुलाचाही होकार घ्यावा. त्याबरोबरच, दाता मुलाचं हित पाहायला उपचारपथकाबाहेरचा एक स्वतंत्र माणूस नेमावा, अशी शिफारस केली. रुग्णाचे डॉक्टर कितीही भले असले तरी दाता मुलासाठी ते पूर्णपणे मोकळे नसतात, हे त्यात मान्य केलेलं आहे.

मानसशास्त्रज्ञ वेंडी पॅकमन यांनी १९९० च्या दशकात अशा भावंडांचा अभ्यास केला. दाता भावंडांत चिंता जास्त आणि आत्मसन्मान कमी आढळला. जी दाता नव्हती, त्यांच्या अडचणी शाळेत जास्त दिसल्या. त्याची कारणं समजायला कठीण नाहीत. “दादा बरा होईल, तुझ्या रक्ताने!” असं सगळे कौतुकाने म्हणतात. पण पेशी रुजल्या नाहीत, रोग उलटला, किंवा जीव्हीएचडी झाला, तर सात वर्षांचं पोर मनात म्हणतं की माझंच रक्त वाईट होतं. म्हणून डे झीरोच्या आधीच त्याला सांगायचं: तू तुझं काम केलंस, पुढचं औषधांवर आणि शरीरावर आहे. निकाल चांगला लागला तरी हे सांगितलेलं वाया जात नाही.

घरी राहिलेल्या भावंडाला तर कुणी दवाखान्यातही नेत नाही. आजीकडे किंवा मावशीकडे त्याची रवानगी होते, आईचा फोन घाईत येतो आणि बोलणं आजाऱ्याबद्दलच असतं. इथे लागणारी गोष्ट छोटी आहे: रोजच्या ठरल्या वेळी फक्त त्याच्याशी बोलणं, वर्गशिक्षकांना एकदा सगळं सांगून ठेवणं, आणि त्याची काळजी घेणाऱ्या एका मोठ्या माणसाचं नाव पक्कं करणं.

आई आत, बाबा रांगेत

आयसोलेशनच्या खोलीत बहुधा एकाच पालकाला राहता येतं. बहुतेक वेळा ती आई असते. हात धुणं, मास्क, मुलाच्या गुळण्या, किती घोट पाणी गेलं याची वही. काही केंद्रांत जेवण घरून करून आणावं लागतं: ताजं शिजवलेलं, गरम, प्रेशर कुकरमधलं. भाजीवर कच्ची कोथिंबीर भुरभुरायची नाही, विरजलेलं दही नाही, फळं जाड सालीची. बाबा बाहेर असतात: प्लेटलेटसाठी डोनर गोळा करणं, कागदपत्रं, सहीचे फॉर्म, गावाकडचे फोन. दोघांची भेट दाराच्या काचेतून होते. मुलाची फाइल रोज जाड होत जाते, पण आईला किती रात्री झोप लागलेली नाही, हे कुठल्याच कागदावर येत नाही.

आईबापांना नुसता धीर देण्यापेक्षा कौशल्य शिकवावं, असा एक विचार आहे. अमेरिकेतल्या ओल्ली जेन साहलर आणि सहकाऱ्यांनी कर्करोगग्रस्त मुलांच्या आयांसाठी ‘ब्राइट आयडियाज’ हा कार्यक्रम तयार केला आणि २००५ मध्ये ४३० आयांवरच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. तासाभराच्या आठ बैठका. प्रत्येक बैठकीत आईच्या डोक्यातला एक खरा प्रश्न घ्यायचा: “नवऱ्याची रजा संपली, धाकटीला कोण बघणार?” तो नीट मांडायचा, शक्य असलेले मार्ग लिहायचे, प्रत्येकाचा फायदा-तोटा बघायचा, एक करून पाहायचा आणि काय झालं ते पुढच्या वेळी तपासायचं. हे शिकलेल्या आयांची मनःस्थिती सुधारली. आपल्याकडच्या बाईला वेगळं काही लागत नाही. “काळजी करू नका” असं सांगणारे तिच्याभोवती पुष्कळ असतात. “चला, हा प्रश्न आपण कागदावर मांडू” असं म्हणणारा एकही नसतो.

आणि पैसा. विदर्भातून, खानदेशातून किंवा बिहारमधून आलेल्या घराला मुंबई-नवी मुंबईत शंभर दिवस काढायचे असतात. टाटा मेमोरियलचं ट्रान्सप्लांट केंद्र २००७ पासून खारघरच्या ‘ॲक्ट्रेक’ या टाटाच्याच संशोधन केंद्रात आहे. दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृती समिती, २००६ मध्ये मुंबईत सुरू झालेली सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्सची मोफत निवासस्थानं, या जागा कर्करोगाच्या हजारो कुटुंबांचा मुक्काम झाल्या आहेत. ट्रान्सप्लांटनंतर स्वच्छ स्वयंपाकघर आणि कमी गर्दीची खोली हा औषधाचाच भाग असतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना, पंतप्रधान आणि मुख्यमंत्री सहायता निधी, रेल्वेची सवलत, ट्रस्टांची मदत, यांची कागदपत्रं जुळवणारे समाजसेवा विभागातले लोक नसते, तर कितीतरी मुलांचा डे झीरो उजाडलाच नसता.

घरी परतल्यावर

शंभर दिवस झाले की नातेवाईक सत्यनारायण घालायच्या गोष्टी बोलू लागतात. तिथेच घोळ होतो; पाहुण्यांनी भरलेलं घर मुलाला अजून मानवणारं नसतं. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतात. लहानपणी टोचलेल्या लसींचं संरक्षण पुसलं गेलेलं असतं. लसीकरण सहा महिन्यांनंतर पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात; गोवरासारख्या जिवंत लसी साधारण दोन वर्षांनी, तेही मूल त्या औषधांमधून आणि जीव्हीएचडीतून बाहेर आलं असेल तरच. शाळेत परतायला अनेक महिने लागतात. परतण्याआधी वर्गाला दोन गोष्टी सांगाव्या लागतात: हा आजार संसर्गजन्य नाही, आणि सर्दी झालेल्याने मित्राच्या शेजारी बसायचं नाही.

पुढे वर्षानुवर्षं उंची, थायरॉइड, डोळे, दात, प्रजननक्षमता यांच्यावर लक्ष ठेवावं लागतं. टाटा मेमोरियलमध्ये उपचार संपलेल्या मुलांसाठी १९९१ मध्ये वेगळा बाह्यरुग्ण विभाग सुरू झाला. बालपणी कर्करोगातून वाचलेल्या तरुणांचा ‘उगम’ हा गट २००९ पासून मुंबईत आहे. नुकत्याच भरती झालेल्या मुलाच्या आईला जे सांख्यिकीने पटत नाही, ते लहानपणी याच आजारातून गेलेल्या आणि आज नोकरी करणाऱ्या पोराला समोर पाहून पटतं.

हार पत्करावी लागते तेव्हा

प्रत्येक ट्रान्सप्लांट यशस्वी होत नाही. काही मुलं संसर्गाने जातात, काहींचा रोग परततो. उपशामक सेवा, म्हणजे पॅलिएटिव्ह केअर, ही ‘आता काही उरलं नाही’ तेव्हाची गोष्ट आहे असा समज असल्याने ती फार उशिरा बोलावतात. खरं तर वेदना, उलट्या, झोप, कुटुंबाचे निर्णय हे तिचे विषय पहिल्या दिवसापासूनचे आहेत, आणि ती बरं करणाऱ्या उपचारांबरोबर चालू शकते.

मुलाशी मरणाबद्दल बोलावं का? स्वीडनमध्ये उलरिका क्राइकबर्ग्स यांनी कर्करोगाने मूल गमावलेल्या पालकांना हे विचारलं. अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. जे १४७ पालक मुलाशी बोलले होते, त्यांपैकी एकालाही पश्चात्ताप नव्हता. जे २५८ बोलले नव्हते, त्यांपैकी ६९ जणांना, म्हणजे २७ टक्क्यांना, आपण बोललो असतो तर बरं झालं असतं असं वाटत होतं. यातून सक्तीचा नियम निघत नाही, कारण न बोललेल्यांतल्या बहुतेकांना खंत नव्हती. पण “बोललो तर आयुष्यभर पस्तावू” ही भीती मात्र या आकड्यांत कुठेच सापडत नाही.

मूल गेल्यावर घराचा रुग्णालयाशी संबंध एका दिवसात तुटतो. ज्या नर्सेसना रोज पाहिलं, त्या परत दिसत नाहीत. महिन्याभराने येणारा एक फोन, “तुम्ही सगळे कसे आहात?” एवढाच, हाही सेवेचाच भाग आहे.

भरतीआधी विचारायचे प्रश्न

२०१५ मध्ये बालकर्करोगातल्या मानसिक-सामाजिक सेवेचे १५ निकष आंतरराष्ट्रीय पातळीवर प्रसिद्ध झाले. कुटुंबाची नियमित मानसिक-सामाजिक तपासणी, भावंडांना आधार, पालकांच्या मनःस्वास्थ्याकडे लक्ष, आर्थिक ओढाताणीची विचारपूस, शाळेत परतताना मदत, उपशामक सेवा, मूल गेल्यास पालकांशी संपर्क, हे सगळं त्यात आहे. माया आटलेली नसतानाही हे निकष लिहावे लागले, याचं कारण साधं आहे. जे काम सगळ्यांचं असतं, ते रात्रपाळीत कुणाचंच नसतं.

म्हणून ट्रान्सप्लांटची तारीख ठरत असताना घराने औषधांच्या प्रश्नांबरोबर हेही विचारावेत. मुलाला हे सगळं कोण समजावणार आणि कधी? रात्री दोन वाजता दुखलं तर मॉर्फिनचा डोस वाढवायचा निर्णय कोण घेणार? दाता भावंडाशी, रुग्णाचे डॉक्टर सोडून, दुसरं कोण बोलणार? आई आजारी पडली तर आत कोण राहणार? शंभर दिवसांची खोली आणि पैशाची फाइल कोण बघतंय? उत्तर बहुतेक वेळा आपुलकीचंच येईल: “काळजी करू नका, आम्ही सगळेच बघतो.” तेव्हा संकोच न करता पुढचा प्रश्न विचारावा: सगळे म्हणजे नेमकं कोण? मिळालेलं नाव वहीत लिहून घ्यावं, आणि त्यासमोर फोन नंबर.